व्हर्च्युअल आयपी की डीएनएस?

हिंगण्यातल्या एका कारखान्यासाठी दोन सर्व्हर लावायचे होते. एक पडला की दुसऱ्याने काम उचलायचं. नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, एकावरून दुसऱ्यावर कसा हलवायचा, हा खरा प्रश्न.

व्हर्च्युअल आयपी म्हणजे दोघांत मिळून एकच पत्ता, जो चालू असेल त्याच्याकडे. यात मुख्य सर्व्हर व्हीआरआरपीने (यासाठी ठरलेल्या नियमावलीने) दर सेकंदाला ‘मी चालू आहे’ असा निरोप धाडतो. साधारण तीन निरोप चुकले की दुसरा सर्व्हर तोच पत्ता स्वतःवर घेतो आणि एआरपीने (कोणता पत्ता कोणत्या यंत्राकडे आहे हे सांगणाऱ्या निरोपाने) स्विचला आणि नेटवर्कवरच्या बाकी यंत्रांना कळवतो. मे महिन्यातल्या भर दुपारी मी मुख्य सर्व्हरची केबल उपटून पाहिली. पिंगची (सर्व्हर चालू आहे का हे विचारणाऱ्या हाकेची) चार उत्तरं चुकली, पाचवं आलं. स्टोअरमध्ये बिलं करणाऱ्याला काही कळलंही नाही! मात्र दोन्ही सर्व्हर एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच तुकड्यात) हवेत, आणि व्हर्च्युअल राउटर आयडी, म्हणजे जोडीचा ओळख क्रमांक, त्या नेटवर्कवर दुसऱ्या जोडीचा नको. सेटिंगच्या नमुना फाइलमधला ५१ मी तसाच ठेवला होता, जुन्या जोडीचाही ५१च निघाला. लॉग चुकांनी भरून गेला, अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) फक्त नावापुढच्या पत्त्याची नोंद बदलायची. टीटीएल (ती नोंद किती वेळ जपून ठेवायची ती मुदत) ६० सेकंद ठेवला तरी काही प्रोग्राम जुनाच पत्ता धरून बसतात. पण एक सर्व्हर नागपुरात आणि दुसरा पुण्यात असेल, तर हाच मार्ग सोपा.

एकाच खोलीतल्या जोडीला मी व्हर्च्युअल आयपीच देईन. फक्त दोघांमधला दुवा तुटला तर दोघंही पत्ता धरतात, म्हणून तिथे दुसरी केबल टाकाच.