टँकरे लंडन ड्राय: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, मग कारणं. घरात एकच जिन ठेवायची असेल तर मी टँकरे लंडन ड्राय ठेवीन. ती प्यायची माझी आवडती रीत म्हणजे एक भाग जिनला दोन भाग टॉनिक (कडसर, फसफसणारं पाणी), ग्लासभर बर्फ आणि लिंबाची नुसती साल. रस नाही. गेल्या काही महिन्यांत बीफीटर, बॉम्बे सफायर, प्लिमथ आणि हेंड्रिक्स या दुसऱ्या जिनच्या बाटल्याही शेजारी होत्या. त्याच मापाने, त्याच टॉनिकसोबत आणि टॉनिकशिवायही प्यायल्यावर हे मत पक्कं झालंय.

जिनची पारख टॉनिकमध्ये होत नाही. टॉनिकमध्ये क्विनाइनचा कडूपणा असतो, सायट्रिक आम्ल असतं आणि साध्या टॉनिकमध्ये 100 मिलीला 8 ग्रॅमच्या आसपास साखरही असते. एवढं सगळं तोंडात आल्यावर मिळमिळीत जिनसुद्धा बरी लागते. म्हणून नवी बाटली उघडली की मी आधी 15 मिली जिन घेते, तेवढंच साधं पाणी घालते आणि बर्फ न टाकता वास घेते. पाण्याने मद्याची जळजळ उतरते आणि वास मोकळा होतो. जिन आवडते की नाही, हे या दोन घोटांत कळतं.

टँकरेचा पहिला वास ज्युनिपरचा, म्हणजे जिनला तिची ओळख देणाऱ्या छोट्या फळांचा, अगदी ठसठशीत. पाइनच्या सुया चुरडल्यावर येतो तसा, थोडा राळेसारखा. मागून लिंबाची एक झुळूक येते. गंमत म्हणजे या जिनमध्ये लिंबूवर्गीय फळाची सालच नाही. ज्युनिपर, धणे, अँजेलिका या सुगंधी वनस्पतीचं मूळ आणि ज्येष्ठमध, बस, चारच गोष्टी. ती झुळूक धण्यांची असते, कारण धण्यांमध्ये लिनालूल नावाचा सुगंधी घटक भरपूर असतो. अँजेलिकामुळे मधली चव कोरडी, मातकट राहते आणि शेवटी ज्येष्ठमधाचा हलका गोडवा जिभेवर उरतो. साखर मात्र जवळपास नसतेच. युरोपीय नियमानुसार 'लंडन ड्राय' म्हणवणाऱ्या जिनमध्ये लिटरमागे 0.1 ग्रॅमपेक्षा जास्त गोडी चालत नाही आणि ऊर्ध्वपातनानंतर वरून सुगंध किंवा रंग घालता येत नाही. ती लंडनलाच बनावी अशी अट मात्र नाही. टँकरे आज स्कॉटलंडमध्ये बनते.

मला ही जिन आवडते ती या साधेपणामुळेच. सालीची जागा तिने रिकामी ठेवली आहे, ती मी ग्लासात भरते. लिंबाचा पिवळा पापुद्रा सोलायचा, पांढरा भाग शक्यतो येऊ द्यायचा नाही, ग्लासावर धरून पिळायचा आणि मग आत टाकायचा. सुगंधी तेल सालीत असतं, रसात आम्ल. टॉनिकमध्ये आम्ल आधीच आहे, त्यात आणखी रस पिळला की पेय आंबट होतं आणि ज्युनिपर मागे पडतो. बीफीटरची गोष्ट वेगळी. तिच्यात नऊ वनस्पती आहेत, त्यांत सेव्हिल संत्र्याची आणि लिंबाची साल आहे, आणि हे सगळं ऊर्ध्वपातनाआधी 24 तास मद्यात भिजवलं जातं. त्यामुळे ती मुळातच संत्र्याकडे झुकते. तिच्यात मी संत्र्याची चकती टाकते. माझ्या यादीत तिचा नंबर दुसरा, आणि फार मागे नाही.

लेबलवर मद्याचं प्रमाण जरूर वाचा. एकाच नावाची जिन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या तीव्रतेची विकली जाते. टँकरे अमेरिकेत 47.3 टक्क्यांची मिळते, इतर ठिकाणी त्याहून सौम्य. युरोपात जिनसाठी किमान मर्यादा 37.5 टक्के आहे आणि जेमतेम तेवढ्याच तीव्रतेच्या जिन टॉनिकमध्ये मला पुसट वाटतात. ज्युनिपरची तेलं पाण्यात नीट विरघळत नाहीत, मद्यात विरघळतात, म्हणून तीव्र जिनमध्ये सुगंधही जास्त मावतो. पण हिशोबही ठेवा. 47 टक्क्यांची 60 मिली जिन आणि 120 मिली टॉनिक मिळून बर्फ वितळण्याआधी पेय साधारण 15.7 टक्क्यांचं होतं, म्हणजे बहुतेक वाइनपेक्षा जास्तच. मी अशा वेळी 45 मिली जिन आणि 90 मिली टॉनिक घेते. चव तीच राहते, डोकं हलकं राहतं. एकास तीन केलं तरी टँकरे टिकते, इतर बऱ्याच टिकत नाहीत.

टॉनिक छोट्या बाटलीतलं घ्यावं आणि आधीच फ्रिजमध्ये ठेवावं. मोठी बाटली दुसऱ्या दिवशी उघडली की अर्धा वायू गेलेला असतो. कोमट टॉनिक बर्फावर ओतलं की बर्फही वितळतो आणि फसफसही जाते. बर्फात कंजुषी करू नका. ग्लास काठोकाठ भरलेला असला की पेय लगेच थंड होतं आणि उलट कमी पाणी सुटतं. टॉनिक हळूच ओतायचं, चमचा एकदाच खालून वर आणायचा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बॉम्बे सफायरमध्ये वनस्पती मद्यात भिजवत नाहीत. त्या वर टोपलीत असतात आणि त्यांच्यातून वाफ जाते, म्हणून सुगंध नाजूक येतो. टॉनिक अर्धं आणि सोडा अर्धा असा मेळ तिला छान बसतो. हेंड्रिक्समध्ये काकडी आणि गुलाबाचा अर्क ऊर्ध्वपातनानंतर घालतात, त्यामुळे ती लंडन ड्राय म्हणवत नाही. उन्हाळ्यात काकडीची पातळ चकती घालून प्यायला सुरेख.

प्लिमथ मात्र मी मार्टिनीसाठी राखून ठेवली आहे. तिची चव मऊ आणि गोलसर आहे, टोक कुठेच लागत नाही. पाच भाग जिन, एक भाग ड्राय व्हर्मुथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन), बर्फावर अर्धा मिनिट ढवळायचं. ढवळताना बर्फाचं पाणी सुटतं, साधारण मूळ मापाच्या पाव हिस्सा, आणि ते पाणी पेयाचा भाग असतं. म्हणून फ्रीझरमधली जिन नुसती ग्लासात ओतून मार्टिनी करायची असेल तर पाणी मोजून वेगळं घालावं लागतं. घरच्या फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांना, जिन गोठत नाही, दाटसर होते, पण इतक्या थंडीत वास बंद पडतो. टॉनिकसाठीची बाटली मी बाहेरच ठेवते, उन्हापासून दूर. व्हर्मुथ मात्र उघडल्यावर फ्रिजमध्येच, नाहीतर काही आठवड्यांत त्याची चव उतरते. जिन वर्षभर बिघडत नाही, फक्त बाटली अर्ध्याहून खाली गेली की सुगंध हळूहळू फिका होतो. तळाशी थोडीच उरली असेल तर छोट्या बाटलीत भरून ठेवा.

नेग्रोनी या कॉकटेलमध्येही टँकरेने निराश केलं नाही. कंपारी (लाल, कडू इटालियन मद्य), गोड व्हर्मुथ आणि जिन समसमान. कंपारीच्या कडूपणापुढे नाजूक जिन दिसेनाशा होतात, ही समोरून उभी राहते.

पाइनसारखा वास ज्यांना मुळीच सोसत नाही त्यांनी ही बाटली घेऊ नये. टॉनिकने तो वास झाकला जात नाही, आणि जिन घेऊन ज्युनिपर झाकायची धडपड करण्यात अर्थही नाही. अशांनी प्लिमथपासून सुरुवात करावी. पण ज्युनिपरसाठीच जिन पिणाऱ्यांसाठी यापेक्षा सरळ, स्वच्छ बाटली माझ्या माहितीत नाही. ही संपली की पुढची हीच घेणार आहे.