तुर्भ्यातला ऑफसेट प्रेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

डिझाइनचं काम ठाण्यात, वागळे इस्टेटला. छपाई तुर्भे एमआयडीसीतल्या एका मध्यम प्रेसकडे. कामं मुख्यतः ब्रोशर आणि कॅटलॉगची.

छपाईबद्दल तक्रार नाही. चार रंग नीट जुळतात, पहिल्या आणि शेवटच्या गठ्ठ्यातला रंग सारखा असतो. फाइल मात्र आपणच सांभाळायची. बारीक काळा मजकूर फक्त के100 मध्ये, म्हणजे एकट्या काळ्या शाईत, नाहीतर अक्षरांना रंगीत कडा दिसतात. मोठ्या काळ्या भागाला सी40 एम30 वाय30 के100 (निळी, गुलाबी, पिवळी, काळी शाई, टक्क्यांत). एकूण शाई, म्हणजे चारही टक्क्यांची बेरीज, 300 च्या वर गेली की आर्ट पेपरवर (गुळगुळीत लेपाच्या कागदावर) लवकर वाळत नाही आणि वरच्या शीटच्या पाठीला डाग उमटतात. मराठी मजकूर कर्व्हज करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार बनवूनच पाठवा. प्रेसमधल्या जुन्या सॉफ्टवेअरात कर्व्हज न केलेली फाइल उघडली की जोडाक्षरं सुटी होतात.

साइज आधीच विचारा. ए4 ची दोन पानं उभी लावली की 594 मिमी होतात, आणि 23×36 इंची शीटची 23 इंची बाजू 584 मिमीचीच. तेव्हा 25×36 चा कागद घ्या किंवा ब्रोशर 8.25×10.75 इंच करा. मग 3 मिमी ब्लीड (कापण्यासाठी बाहेर सोडलेला रंग) आणि ग्रिपर (मशीन शीट पकडतं ती कड) धरूनही 23×36 च्या एका शीटवर दोन्ही बाजू मिळून 16 पानं बसतात.

खरी डोकेदुखी छपाईनंतरची. लॅमिनेशन आणि क्रीजिंग (घडीच्या जागी रेघ दाबणं) हा प्रेस बाहेर करून घेतो. कोटेशनमध्ये हे दिसत नाही, विचारावं लागतं. 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम) आर्ट कार्डचं गडद कव्हर घडीवर फुटून पांढरी रेघ दिसते, ती बहुतेक वेळा ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, घडीला आडवा गेल्यामुळे. कागद वाचवायला प्रेस लेआउट फिरवतो, म्हणून ‘ग्रेन घडीला समांतर’ हे ऑर्डरमध्येच लिहा. खात्री करायची तर कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा: तो नळीसारखा वळतो, आणि नळीची लांबी ज्या दिशेला, तोच ग्रेन. क्रीज लॅमिनेशननंतरच मारायची आणि तिचा उंचवटा घडीच्या आत ठेवायचा.

सेंटर पिनच्या (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) 48 पानी कॅटलॉगमध्ये मधली पानं मिलिमीटरभर पुढे सरकतात आणि कटिंगमध्ये जातात. पान क्रमांक कडेपासून 8 मिमी तरी आत हवेत.

पावसाळ्यात डिलिव्हरीला दोन दिवस जादा धराच. हवेतल्या ओलाव्याने कागदाच्या कडा लाटेसारख्या होतात, रंग सरकतात. रीम (कागदाचे गठ्ठे) मशीनच्या खोलीतच, पॅकिंग न फोडता ठेवतात का, तेवढं बघून या.

शे-दोनशे प्रतींसाठी इथे जाऊ नका, प्लेटचा (प्रत्येक रंगासाठी बनवायच्या छपाईच्या पत्र्याचा) खर्च अंगावर येतो. ते काम डिजिटलला द्या. मात्र तिथला टोनर (भुकटीची शाई) घडीवर तडकतो, त्यामुळे तिथेही क्रीज मागून घ्या.