कोर्टात न भांडता घटस्फोट, इंदूर – आमचा अनुभव, पाचपैकी चार स्टार

घटस्फोटाचा रिव्ह्यू कोण लिहितं असं आधी वाटलं, पण मी स्वतः किती रात्री फोनवर हेच शोधत बसले होते आणि मराठीत धड काही सापडत नव्हतं, म्हणून लिहितेय. ऑफिस पलासियाच्या बाजूला आहे, नाव टाकत नाही कारण वकिलांना बार कौन्सिलच्या नियमाने जाहिरात चालत नाही.

आधी एका दुसऱ्या वकिलांकडे गेले होते, त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की दोन-तीन केसेस ठोका, नवरा आपोआप नरम येतो. मला ते नकोच होतं. मुलगा नऊ वर्षांचा आहे, आणि आमचं जमलं नाही तरी बाप म्हणून माणूस चांगला आहे.

इथे पद्धत अशी (हिला कोलॅबोरेटिव्ह डिव्होर्स म्हणतात) की माझ्या वकीलताई वेगळ्या, नवऱ्याचे वकील वेगळे, पण चौघं एकाच टेबलाशी बसतात. (मीडिएशनमध्ये मधला माणूस एकच असतो आणि तो कोणाचाच नसतो, मी हिशेबात कच्ची, मला शेजारी आपलं कोणीतरी हवं होतं.) आणि पहिल्याच दिवशी एका कागदावर चौघांच्या सह्या होतात, की बोलणी फिसकटली तर दोन्ही वकील केस सोडणार, कोर्टात लढायला दुसरे शोधायचे. १९९० मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसच्या स्टुअर्ट वेब नावाच्या वकिलांनी हे सुरू केलं, ते स्वतःच कोर्टातल्या भांडणांना विटले होते. मला तो कागद बघून धस्स झालं, एवढे पैसे भरून परत शून्यापासून? पण त्याच कागदामुळे दोन्ही वकील खरंच मिटवायला बसले होते, भांडण वाढवून त्यांना काहीच मिळणार नव्हतं, हे दुसऱ्या मीटिंगपर्यंत माझ्या लक्षात आलं.

तिसरी मीटिंग मी कधीच विसरणार नाही. ताईंनी टेबलावर कालनिर्णय पसरलं, एक लाल पेन माझ्या हातात, निळं नवऱ्याच्या, आणि म्हणाल्या मुलाचं वर्ष वाटून घ्या. शनिवार-रविवार पटकन झाले, पाडव्यावर अडलो ते पाऊण तास, मी रडले पण. गणपती त्यांच्याकडे, कारण रामबागेत आजीकडे दहा दिवसांचा असतो. तिथे निळा गोल करता करता ते थांबले आणि म्हणाले, चतुर्थीला सकाळी हिला येऊ द्या, त्याला मोदक आईच्याच हातचे लागतात. ताईंनी ते तसंच्या तसं करारात लिहिलं. कोर्टात कोण विचारतं हो मोदकांचं?

स्त्रीधन, फ्लॅटचं लोन, एकरकमी पोटगी हे सगळं पुढच्या दोन मीटिंगात झालं.

कोर्ट अजिबात टळतं असं मात्र समजू नका. आपल्याकडे याचा वेगळा कायदा नाही, ठरलेलं सगळं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब च्या (दोघांच्या संमतीने घटस्फोट) अर्जात घालून फॅमिली कोर्टातच द्यावं लागतं. त्याला निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, मग पहिल्या मोशननंतर, म्हणजे दोघांनी मिळून तो अर्ज कोर्टात दिल्यावर, सहा महिने थांबायचं. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालामुळे ते सहा महिने माफ करून मागता येतात, पण दीड वर्ष वेगळं राहून झालेलं हवं आणि पोटगी-कस्टडी सगळं खरंच मिटलेलं हवं. आम्हाला दोन वर्षं झाली होती, अर्ज मंजूर झाला.

एक स्टार कापला तो फीसाठी. मीटिंगप्रमाणे फी लागते हे माहीत होतं, पण हिशेब बघायला सीए बसणार आणि त्यांचे पैसे वेगळे हे आम्हाला चौथ्या मीटिंगला कळलं, हे बरोबर नाही, तुम्ही पहिल्याच दिवशी सगळं लिहून मागा. मुलाशी बोलायला काउन्सेलर येणार होत्या त्यांनी पण दोनदा तारीख बदलली, त्याला दोन्ही वेळा शाळेतून लवकर आणला होता.

आणि मारहाण असेल, बोलायचीच भीती वाटत असेल, किंवा समोरचा पैसे लपवतोय असा संशय असेल तर मैत्रिणींनो इथे जाऊ नका, सरळ कोर्टात जा. इथे बँकेचे कागद दोघांनी आपणहून समोर ठेवायचे असतात, आणायला भाग पाडणारं कोणी नसतं.

शनिवारी पण अपॉइंटमेंट मिळते. जाताना दागिन्यांच्या जुन्या पावत्या आणि चालू वर्षाचं कालनिर्णय घेऊन जा, आमच्या त्या कालनिर्णयाची झेरॉक्स आता दोन्ही घरांत फ्रिजवर लावलीय.