मातीचा किल्ला, लगद्याचा नकाशा की फरशीवरचं गाव? चौथीच्या वर्गात आधी काय घ्यायचं

दरवर्षी नवीन शिक्षक विचारतात की परिसर अभ्यासाला एखादा उपक्रम घ्यायचाय, किल्ला करू की नकाशा. मी तिन्ही प्रकार करून बघितलेत, काही फसलेत पण, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

किल्ल्याला पोरं सगळ्यात आधी तयार होतात कारण दिवाळीत घरी केलेला असतो, माती, पोती, विटा कुठून आणायच्या हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत, आणि चौथीला इतिहासात शिवछत्रपतीच आहेत त्यामुळे अभ्यासक्रमातही बसतो. खर्च जवळपास शून्य. पण खरं सांगू का, पहिल्या वर्षी आमचा प्रतापगड झकास झाला, मोहरी उगवली, मावळे उभे केले, आणि मग मी विचारलं की खानाला इथेच का बोलावलं, तर एकालाही सांगता येईना. चूक माझीच होती. आम्ही नुसता डोंगर केला होता, भोवतीचं जावळीचं खोरंच केलं नव्हतं! वाईला तळ ठोकलेली एवढी मोठी फौज, हत्ती, तोफा, हे सगळं त्या दाट जंगलात अडकतं, हे खोरं हाताने केल्याशिवाय कळत नाही. पुढच्या वर्षी आधी खोरं, झाडीसाठी बाभळीच्या काटक्या, अरुंद वाट, आणि सगळ्यात शेवटी गड. मग एक पोरगा आपणहून म्हणाला, बाई इथून तोफ वर नेणार कशी? १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख त्याला नंतर पाठ करावी लागली नाही.

राजगड करायचा तर बालेकिल्ला मध्ये आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन बाजूंना, नाहीतर सगळे किल्ले एकसारखे ढिगारे दिसतात. समुद्राजवळच्या शाळांनी सिंधुदुर्ग घ्या, परातीत पाणी भरून मध्ये बेट, आणि विचारा की चहूकडे खारं पाणी तर प्यायचं काय, मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी सांगायला मजा येते.

आता कागदाच्या लगद्याचा महाराष्ट्र. प्रदर्शनात सगळ्यात भाव खाणारा प्रकार हाच, पण आठवडाभर रद्दी भिजवायची, लगदा कुटायचा, डिंक किंवा खळ घालायची, वाळायला परत चार-पाच दिवस, आणि शेवटी शिक्षकच रात्री बसून तो पूर्ण करतात (मीही केलाय). शिवाय यात एक गोची आहे. नकाशा ८० सेंमी रुंद धरला तर महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी साधारण ८०० किमी, म्हणजे १ सेंमीला १० किमी, त्या हिशोबाने १६४६ मीटरचं कळसूबाई दीड मिलिमीटरच्या आसपास येतं! आपण करतो चांगलं चार बोटं उंच. ते चालतं, उंची दिसायलाच हवी, पण मुलांना तसं सांगून टाका. मला हा प्रकार एकाच कामासाठी आवडतो, वरून ऑइल पेंट मारून वाळवायचा आणि सह्याद्रीच्या माथ्यावर चमच्याने पाणी सोडायचं. थोडं पश्चिमेला कोकणात पटकन उतरतं, बाकीचं पूर्वेला लांबवर जातं, त्र्यंबकेश्वरची गोदावरी एवढ्या जवळचा समुद्र सोडून उलटीकडे का निघाली ते दिसतं. पेंट विसरलात तर पुन्हा लगदा.

तिसरा प्रकार दिसायला अगदीच साधा, वर्गाच्या फरशीवर खडूने आपलं गाव. मुलांनी शाळेपासून देवळापर्यंत, पाण्याच्या टाकीपर्यंत पावलं मोजायची, दहा पावलांना एक फरशी, घरांना काडेपेट्या. पहिल्याच दिवशी भांडण होतं कारण एकाची पावलं १२० आणि दुसऱ्याची १४५, आणि प्रमाण का लागतं ते त्या भांडणातच कळून जातं. दुसरा मोठा फायदा म्हणजे दिशा. भिंतीवरचा नकाशा बघून बघून पोरांना वाटतं उत्तर म्हणजे वर, आणि दक्षिणेला जाणारी नदी खाली पडते. जमिनीवरचा नकाशा खऱ्या उत्तरेकडे तोंड करूनच काढायचा. हिवाळ्यात साडेबाराच्या सुमाराला काठीची सावली उत्तरेकडे पडते, त्यावरून दिशा घ्या, जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या हा प्रयोग करू नका, आपल्याकडे तेव्हा दुपारची सावली उलटी दक्षिणेला असते आणि सगळा घोळ होतो.

इतिहासाला जोड म्हणून चार मीटरची सुतळी घ्या, १ सेंमीला १ वर्ष. १६३० ला, म्हणजे शिवरायांच्या जन्माला, पहिली गाठ, १६७४ चा राज्याभिषेक ४४ सेंमीवर, स्वातंत्र्य ३१७ वर, महाराष्ट्राची स्थापना ३३० वर, आणि मुलाचा स्वतःचा जन्म पार टोकाला. अर्ध्या तासात होतं.

तर कुणी काय घ्यावं? पट मोठा, शिक्षक एकच, आठवड्याला एखादी तासिका हाताशी, तर फरशीवरचं गाव आणि सुतळी, डोळे झाकून. अंगण असेल आणि पोरं चिखलात हात घालायला तयार असतील तर दिवाळीच्या सुट्टीनंतर किल्ला, पण खोऱ्यासकट. लगदा फक्त तेव्हाच जेव्हा सोबत अजून एखादे शिक्षक किंवा दोन-तीन पालक असतील. आणि किल्ल्यावर मोहरी टाकायची असेल तर दाखवायच्या चार-पाच दिवस आधी टाका, आदल्या दिवशी टाकून काही उगवत नाही.