जुना वी रिमोट घेताय? ‘मोशनप्लस’वालाच घ्या

निन्टेंडोच्या वी या व्हिडिओ गेम कन्सोलसाठी वापरलेला रिमोट घेत असाल तर आधी त्याचं खालचं टोक पाहा. वीच्या चिन्हाखाली ‘मोशनप्लस इनसाइड’ असं छापलेलं नसेल, तर तो २००६ च्या पहिल्या मॉडेलचा. त्यावर बोलिंग, टेनिस छान होतं. तलवारबाजी मात्र नाही, आणि यात खेळणाऱ्याची काही चूक नसते.

जुन्या रिमोटात तीन अक्षांवर त्वरण मोजणारी एडीएक्सएल३३० चिप आहे. रिमोट झुकवला किंवा मनगटात पिळला की गुरुत्वाची दिशा बदलते आणि ते तिला कळतं. तोच रिमोट सपाट धरून नुसता डावीकडून उजवीकडे वळवा: गुरुत्व जिथल्या तिथे, चिपला पत्ताच लागत नाही. ही उणीव पुढच्या काळ्या काचेमागचा इन्फ्रारेड कॅमेरा भरून काढतो, पण रिमोटचं तोंड टीव्हीकडे असेपर्यंतच. वार करायला हात मागे नेला की कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून २००९ मध्ये रिमोटच्या बुडाला जोडायचा मोशनप्लस आला. त्यातले जायरो फिरण्याचा वेग मोजतात. पुढच्याच वर्षी ते रिमोटच्या आत बसवले गेले, तोच हा रिमोट प्लस. मनगट वळवाल तितकीच तलवार वळते, हे पहिल्यांदा मोशनप्लसमुळे खरं झालं.

जायरोला एक खोड आहे. तो वेग मोजतो, कोन त्यावरून हिशेबाने काढला जातो, त्यामुळे बारीक चुका साठत जातात आणि हात सरळ असूनही पातं तिरकं दिसू लागतं. अशा वेळी रिमोट बटणांची बाजू खाली करून टेबलावर काही सेकंद पालथा ठेवायचा. हातात धरून हे करू नका, हाताची थरथरच शून्य म्हणून धरली जाते.

टीव्हीजवळ ठेवायच्या सेन्सर बारचं नाव फसवं आहे. तो काहीच ओळखत नाही. दोन्ही टोकांना इन्फ्रारेड एलईडी, रिमोटचा कॅमेरा त्यांनाच पाहतो, आणि कन्सोलकडून येणारी वायर फक्त वीज आणते. तपासायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा: दोन्ही टोकांना फिकट जांभळे ठिपके दिसले पाहिजेत. बार बंद असेल तर तेवढ्याच अंतरावर ठेवलेल्या दोन मेणबत्त्यांवरही स्क्रीनवरचा पॉइंटर चालतो! याच कारणाने टीव्हीजवळची समई, खिडकीतलं ऊन किंवा शोकेसच्या काचेतलं प्रतिबिंब त्याला भरकटवतं. सेटिंगमध्ये सेन्सर बारची संवेदनशीलता उघडा. स्क्रीनवर दोनच ठिपके हवेत. तिसरा लुकलुकत असेल तर एकेक दिवा बंद करत कारण शोधा. टीव्हीपासून एक ते तीन मीटरवर बसा.

विकत घेताना मागचं झाकण उघडाच. पेन्सिल सेल वर्षानुवर्षं आत राहिले की पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर चढतो. वरवरचा असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने निघतो. स्प्रिंगच कुरतडली गेली असेल तर रिमोट सोडून द्या. नव्या कन्सोलशी जोडायला सेलांजवळचं लाल बटण आणि कन्सोलच्या पुढच्या झाकणामागचं लाल बटण, दोन्ही दाबा. एक निळा दिवा स्थिर झाला की झालं. स्वस्त नकली रिमोटवरही ‘मोशनप्लस’ छापलेलं असतं, म्हणून विक्रेत्याकडे ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’ लावून पाहा. जायरोशिवाय तो खेळ चालतच नाही. मनगटाची दोरीही जाड हवी. सुरुवातीची ०.६ मिमीची तुटायची, म्हणून निन्टेंडोने ती १ मिमीची करून बदलून दिली होती.

अमेरिकेतून कुणी अख्खा सेट आणत असेल तर रिमोट इथल्या कन्सोलवरही चालेल. अडॅप्टर मात्र १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावू नका.