खारपाणपट्ट्यात जुनी गाडी जपायची तर: जाड कोटिंग, मेणतेल की वॉशिंग सेंटरचा ऑइल फवारा?

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर या भागात गाडी वरून नाही, खालून सडते. बोनेटचा रंग अजून चकाकत असतो, आणि दाराखालची पट्टी, जिला डेंटर सिल म्हणतो, ती अंगठ्याने दाबली की पापडासारखी मोडते. मारुती ८०० किंवा पद्मिनीसारख्या गाडीला वेगळी चेसी नसते, पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यामुळे सिल गेली की फक्त शोभा जात नाही, गाडीची ताकद जाते. जुन्या जीपला निदान चेसी वेगळी असते. तिथे बॉडीचा पत्रा बदलून निभावता येते.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात जमिनीत आणि भूजलात मीठ आहे, हे इथल्या कोणाला सांगायची गरज नाही. बर्फाच्या मुलुखात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. त्या मिठापासून गाडी वाचवायला तिथे जी कोटिंग आणि तेले निघाली, तीच आज अकोला-अमरावतीच्या दुकानांत डब्यात मिळतात. पत्रा खाणारे क्लोराइड दोन्हीकडे एकच. हवामान मात्र वेगळे आहे. थंडीत गंज मंदावतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मीठ, ओल आणि ऊब एकाच वेळी पत्र्यावर बसतात, आणि मे महिन्यात तोच पत्रा उन्हात हात लावू देत नाही. म्हणून डब्यावर ‘मिठापासून संरक्षण’ लिहिले आहे एवढ्यावर निर्णय करू नये. आपल्या उन्हाळ्यात ते टिकेल का, हे आधी बघावे.

तीन पर्याय

जाड रबरी किंवा डांबरी कोटिंग दिसायला सगळ्यात छान. दोन हात दिले की खालून गाडी काळी कुळकुळीत, नवी वाटते. लहान गाडीला साधारण ३ ते ४ लिटर लागते. पहिला हात वाळल्यावर दुसरा द्यायचा आणि नंतर एक पूर्ण दिवस गाडी हलवायची नाही. खडी उखडलेल्या रस्त्यावर चाकाने उडणारी गिट्टी सोसण्यात याची बरोबरी दुसरे काही करत नाही. नव्या गाडीला, किंवा सगळा रंग-गंज काढून उघड्या पत्र्यावर प्रायमर मारलेल्या गाडीला हे योग्यच आहे.

जुन्या गाडीवर मात्र हेच कोटिंग घात करते. सांध्यांत, वेल्डिंगच्या कडांत आधीच गंज बसलेला असतो. त्यावर कोटिंग मारले की खालचे मीठ आणि ओल आत कोंडले जातात. दोन-तीन उन्हाळ्यांत कोटिंग कडक होते, केसासारख्या चिरा पडतात, चिरेतून खारे पाणी आत शिरते आणि पुन्हा वाळत नाही. गंज वाढत जातो आणि वरून काहीच दिसत नाही. सेकंडहँड गाडी घेताना तळ नुकताच काळा केलेला दिसला तर खूश होऊ नका. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल, जॅक लावायची जागा आणि मागच्या चाकाच्या कमानीचा सांधा ठोकून बघा. टणटण आवाज आला तर पत्रा आहे. ठोका बद्द वाजला तर आत गंजाचा भुगा आहे.

मेणतेल हा दुसरा पर्याय. हे मेण आणि तेलाचे मिश्रण फवारल्यावर पातळ राहते, सांध्यात ओढले जाते आणि मग मऊ थर धरून बसते. कडक होत नाही म्हणून चिरत नाही. खरचटले तर आजूबाजूचे थोडे सरकून ती जागा झाकते. गंजाचे कण असतील तर त्यांच्यातही भिनते आणि हवा-पाणी तोडते. झालेला गंज याने परत जात नाही, पण वाढ चांगलीच मंदावते. जुन्या गाडीसाठी आमचे मत सरळ याच बाजूने आहे.

घेताना दोन गोष्टी बघा. सिल, दारे यांच्या आतल्या पोकळीत मारायचे मेणतेल पातळ असते आणि तळाला मारायचे दाट. एकाच डब्यात दोन्ही कामे करू नका. दुसरे म्हणजे थर किती तापमानापर्यंत वाहत नाही ते लेबलवर बघा. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीचे मेण, साधारण ४० अंशांच्या आसपास वितळते. थंड देशात ते नावाजलेले आहे, पण आपल्याकडे मे महिन्यात पार्किंगच्या जागेवर डाग पाडून गळते. ८० अंशांच्या वरचा आकडा असलेले घ्यावे. मेणतेलाचा तोटा म्हणजे दरवर्षी हात फिरवावा लागतो, त्यावर धूळ चिकटते, आणि वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याने तळ धुतला की ते निघून जाते. चिकटलेल्या धुळीची काळजी नको. धुऊन काढायच्या फंदात पडू नका, एवढेच.

तिसरा पर्याय तालुक्याच्या प्रत्येक वॉशिंग सेंटरवर मिळतो: जळालेल्या ऑइलमध्ये डिझेल मिसळून खालून फवारा. स्वस्त आहे, दहा मिनिटांत होते, म्हणून सगळे मारून घेतात. आम्ही हे करू नका असेच सांगू. जळालेल्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्ले, काजळी आणि थोडे पाणीही असते. डिझेल आणि ऑइल मिळून सस्पेन्शनचे रबरी बुश, इंजिन माउंटिंग, स्टीअरिंगचे बूट फुगवतात आणि मऊ करतात. पुढच्या वर्षी गाडी खडखडायला लागली की दोष रस्त्याला दिला जातो. चार मोठ्या पावसांत फवारा धुऊन जातो, आणि गळालेले ऑइल अंगणात, तिथून विहिरीत. फवारा मारणाऱ्या पोराच्या कातडीला आणि फुप्फुसालाही ते घातक आहे. पैसेच नसतील तर चेसी ग्रीस आणा आणि ब्रशने फक्त पत्र्याच्या सांध्यांवर, रबर टाळून, हाताने लावा. वेळ लागेल, पण त्या फवाऱ्यापेक्षा हे कितीतरी बरे.

थोडे पैसे असतील तर सगळ्यात चांगली जोडणी अशी: चारही चाकांच्या कमानींत, पत्रा नीट साफ करून, जाड कोटिंग. बाकी सगळा तळ आणि सगळ्या पोकळ्या मेणतेलाने. कोटिंगच्या कडांवरही मेणतेलाचा एक हात, म्हणजे तिथून पाणी शिरणार नाही.

मेणतेल मारायचे कसे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा उत्तम. ऊन एवढे कडक की सांध्यातली ओलही उडते, आणि मृगापर्यंत थर बसायला वेळ मिळतो. ओल्या पत्र्यावर मारले तर मीठ आत कोंडण्याची तीच चूक पुन्हा होते.

तळ गोड्या पाण्याने धुऊन गाडी किमान दोन दिवस उन्हात ठेवा. चाके, कमानीतले प्लास्टिक, आतली मॅटिंग काढा. दारांच्या आणि सिलच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजलेली निघतात, आणि निम्मा गंज तिथूनच सुरू झालेला असतो. खराट्याच्या काडीने ती मोकळी करा. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, उघड्या पत्र्याला रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज निष्क्रिय करणारे द्रावण, लावा, वाळू द्या आणि वर झिंक फॉस्फेट प्रायमर मारा. नुसता रेड ऑक्साइड मारून भागत नाही. त्याच्या पातळ थरातून खारे पाणी लवकर आरपार जाते.

मग ब्रेकच्या डिस्क, ड्रम, सायलेन्सरचा पाइप, रबरी होज आणि सीटबेल्टचे रीळ प्लास्टिकने बांधून झाका. कंप्रेसरचा दाब ६० ते ८० पाउंडांवर (पीएसआय) ठेवा. पोकळीसाठी गनला मीटरभर लवचिक नळी लागते. ती भोकातून शेवटपर्यंत आत घाला आणि फवारत हळूहळू बाहेर ओढा. लहान गाडीत सिल, दारे, डिकीचे कोपरे आणि हेडलाइटमागची जागा मिळून दीड ते दोन लिटर जाते. तळाला दोन ते तीन लिटर. भोकातून मेणतेल ठिबकायला लागले की आत पोचले असे समजा. नवीन भोके पाडू नका, रबरी बुचे काढून आहेत तीच वापरा. खाली जुनी पोती अंथरून गाडी एक दिवस ठिबकू द्या. त्यानंतर भोके पुन्हा काडीने मोकळी करा. हे विसरले तर पावसाचे पाणी आत साठेल आणि केलेले सगळे काम वाया जाईल. सायलेन्सरवर चुकून उडाले असेल तर इंजिन चालू करण्याआधी पुसा. धूर तर होतोच, पेटही घेऊ शकते.

पुढच्या वर्षी एवढे सगळे करायचे नाही. अर्धा ते एक लिटरमध्ये उघडी पडलेली जागा झाकली जाते.

गाडी कोणत्या पाण्याने धुता?

कोटिंगच्या निवडीइतकाच, कदाचित जास्तच, फरक पाण्याने पडतो. खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने दर रविवारी गाडी धुणारा माणूस प्रेमापोटी तिला दर आठवड्याला मीठ चारत असतो. पाणी उडून जाते, मीठ सांध्यात राहते, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेत असल्यामुळे तो सांधा कोरडा दिसला तरी कोरडा नसतो.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० ही कमाल मर्यादा आहे. गाडीसाठी ५०० च्या आतले पाणी धरा. त्यापेक्षा खारे असेल तर त्याने चिखल काढायला हरकत नाही, पण शेवटचे दोन हात गोड्या पाण्याचे हवेत, आणि ते वाळायच्या आत. वान धरणाच्या योजनेचे नळाचे पाणी गोड आहे, पण ते प्यायचे आहे, त्याने गाडी धुऊ नये. पावसाचे पाणी साठवा. ३ बाय ४ मीटरच्या टिनाच्या शेडवर २० मिलिमीटर पाऊस पडला की २०० लिटरचा ड्रम भरतो. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी धुळीचे म्हणून सोडून द्या.

तळ धुवायला फवारणीचा १६ लिटरचा बॅटरी पंप छान चालतो. त्याचा जोर मेणतेल उडवण्याइतका नसतो आणि पाणी कमी लागते. मात्र तो पंप नवा आणि फक्त गाडीसाठीच ठेवलेला असावा. संत्र्याच्या बागेत बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचे मिश्रण, मारलेला पंप तर अजिबात नको. मोरचुदातले तांबे लोखंडाच्या पत्र्यावर बसते आणि तिथे गंज जास्तच जोर धरतो.

पांदण रस्त्याने गाडी नेली तर काळी माती त्याच संध्याकाळी काढा. ही माती वाळली की सिमेंटसारखी बसते, आणि वाळली तरी आतून दमट राहते. मागच्या चाकाच्या कमानीवरच्या कडेत हाताने चाचपून गोळे काढा, तिथे पाण्याची धार पोचत नाही.

आणि डिकीत पोटॅशची बॅग नेऊ नका. त्या लाल दाण्यांच्या वजनात जवळपास निम्मे क्लोराइडच असते. बॅग फाटून मूठभर दाणे मॅटिंगखाली गेले तर ते दाणे पावसाळाभर डिकीचा तळ खात राहतात. नेलीच तर खाली जाड ताडपत्री घाला आणि लगेच झाडा.

ठेवायची कुठे?

गोठा सोयीचा वाटतो, पण जनावरांच्या मूत्राचा अमोनिया आणि दमट हवा यांनी वायरिंगची तांब्या-पितळेची टोके हिरवी पडतात. कुटाराच्या खोलीत उंदीर असतात आणि त्यांना वायर आवडते. प्लास्टिकच्या ताडपत्रीत गाडी घट्ट गुंडाळणे सगळ्यात वाईट, कारण जमिनीची वाफ आत अडकून सकाळी पत्र्यावर दव धरते. उघड्या बाजूंची टिनाची सपरी या सगळ्यांपेक्षा बरी. वरून पाऊस नको, बाजूंनी वारा हवा. कव्हर हवेच असेल तर हवा खेळणारे कापडी घ्या.

खरा खर्च खालच्या जमिनीवर करा. ज्या गावात भिंतीला गुडघाभर लोणा चढतो, तिथे मातीच्या जमिनीतून खारी ओल गाडीच्या तळापर्यंतही चढते. १५ सेंटीमीटर मुरूम दाबून त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि वर काँक्रीट किंवा फरशी, एवढ्याने ती तुटते. कोटिंग आणि फरशी यांत एकाच गोष्टीला पैसे असतील तर आधी फरशी करा.

पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये टाका, चाकांना विटा लावा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि टोकांना पेट्रोलियम जेली लावा. दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू ठेवायची सवय मोडा. सायलेन्सर पुरता तापत नाही आणि आत साठलेले पाणी त्याला आतून खाते. चालवायची तर डांबरी रस्ता कोरडा असताना १५-२० किलोमीटर चालवा, नाहीतर हात लावू नका.