ॲक्टिव्हा ११० चा लोकल ब्लॉक-पिस्टन किट: घरी इंजिन बांधणाऱ्यांसाठी

सेकंडहँड ॲक्टिव्हा सकाळी निळा धूर मारते, ऑइल खाते, आणि साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट धरला की दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला दम टाकते. अशा गाडीचं इंजिन घरी बांधायचं ठरवून साताऱ्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलात, तर काउंटरवर बहुतेक वेळा लोकल ब्लॉक-पिस्टन किटच येतो. कंपनीच्या सेटच्या साधारण निम्म्या किमतीत ब्लॉक, पिस्टन, रिंगा, पिन आणि सर्किल्प (सर्क्लिप, पिन जागेवर धरणारी तारेची कडी) मिळतात. पॅकिंग कधी पेटीत असतं, कधी वेगळं घ्यावं लागतं. पेटीतून काढून थेट बसवलात तर हा किट दगा देतो. बसवण्याआधी दोन-तीन तास त्याच्यावर घालवायची तयारी असेल, तर पैसे वसूल होतात.

आधी आपली गाडी कुठली ते बघा. इथे बोलतोय ती १०९ सीसीची, कार्बोरेटरची ॲक्टिव्हा, म्हणजे ५० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ५५.६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल). २००१ साली आलेल्या पहिल्या १०२ सीसी ॲक्टिव्हाचाही बोअर ५० मिमीच आहे, पण स्ट्रोक ५२ मिमी. पिस्टनचा व्यास सारखा दिसतो म्हणून एकाचा माल दुसऱ्याला दिला जातो, आणि चूक कळते ती इंजिन अर्धं बांधून झाल्यावर. बीएस-६ च्या ६जी ॲक्टिव्हाला तर ४७ मिमीचा बोअर आहे, तिचा या किटशी काही संबंध नाही. दुकानात जाताना जुना पिस्टन फडक्यात गुंडाळून सोबत न्या आणि पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची तिथेच ताडून पाहा.

इंजिन खोलायच्या आधी दोष नक्की कुठे आहे ते शोधा. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टर मारा. मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगा-बोअर गेलेत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह गळतोय. धूर फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्ह स्टेमची रबरी सील बदलून भागतं. त्यासाठी ब्लॉक विकत घेणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं.

आता पेटीतला माल. ब्लॉकच्या आतून बोट फिरवा. लायनरच्या (ब्लॉकमधल्या बिडाच्या नळीच्या) खालच्या कडेला, जिथून रिंगा आत शिरतात, तिथे उतार नीट दिलेला नसतो आणि बारीक बर (धातूची धारदार कड) लागते. शून्य नंबरच्या पेपरने ती कड हलक्या हाताने मोडून घ्या, नाहीतर ब्लॉक घालताना रिंग तिथेच अडकून तुटते. उजेडात धरला की भिंतीवर होनिंगच्या (दगडाने घासून काढलेल्या) एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषा दिसल्या पाहिजेत. नुसती आडवी खरवड किंवा आरशासारखी चकाकी दिसली तर ब्लॉक परत करा, कारण अशा भिंतीवर ऑइल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच टाळलं जातं: ब्लॉक धुणं. पेट्रोलने वरचं तेल निघतं, होनिंगच्या रेषांत रुतलेली पूड निघत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि बाटली घासायचा ब्रश घ्या. घासून झाल्यावर पांढरं सुती फडकं आतून फिरवा. पहिल्या खेपेला ते राखाडी निघतं, दुसऱ्यालाही निघतं. फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. ऑइलची आणि स्टडची भोकं फुंकून घ्या, ओतकामाची रेती तिथेच दडून बसते. वाळला की लगेच ऑइलचा हात फिरवा, कारण लायनर बिडाचा आहे आणि तासाभरातही गंज धरतो. ही पूड आत राहिली तर नव्या रिंगा काही शे किलोमीटरमध्ये झिजतात, आणि दोष किटच्या नावावर जातो.

मग मापं. एकेक रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ १० ते १५ मिमी खाली ढकला आणि तोंडातल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला. ५० मिमी बोअरला वरच्या रिंगेची फट ०.१५ ते ०.२० मिमीच्या आसपास हवी. ०.१० चं पानही जात नसेल तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो. अशा वेळी एकच टोक बारीक कानशीने, बाहेरून आतल्या दिशेने घासा. नव्या किटमध्ये फट ०.४० च्या पुढे दिसली तर घासायचा प्रश्नच नाही, माल परत द्या. लोकल किटमध्ये रिंगा हीच सर्वात कच्ची बाजू आहे. उषा किंवा गोएत्झेच्या रिंगा त्या मापात मिळत असतील तर किटमधल्या बाजूला ठेवा. पिस्टनही जुन्याशेजारी डिजिटल काट्यावर ठेवून बघा. नवा चार-पाच ग्रॅमने जड निघाला तर गाडी चालेल, पण ठराविक वेगाला फूटबोर्डला मुंग्या येतात आणि त्यावर पुढे इलाज उरत नाही.

बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायला विसरू नका. सर्किल्प उडून आत पडला तर पूर्ण इंजिन उतरवावं लागतं. पिस्टनवरची ‘आयएन’ खूण इनलेटच्या बाजूला, रिंगांवरची अक्षरं वर, तोंडं १२० अंशांवर. सर्किल्प नवेच घ्या आणि त्यांचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका. टायमिंग चेन तारेने बांधून ठेवा. हेड चढवल्यावर फ्लायव्हीलची ‘टी’ खूण जुळवा, कॅम स्प्रॉकेटच्या खुणा हेडच्या कडेला समांतर आल्या की बोल्ट भरा. चेन टेन्शनर बारीक स्क्रूड्रायव्हरने आत ओढून मगच लावा. हेडचे नट फुलीच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळा. हाताच्या अंदाजाने आवळलेल्या नटांमुळे ॲल्युमिनियममधले आटे निघतात किंवा हेड पॅकिंग फुंकतं. शेवटी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघा, आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर मॅन्युअलच्या मापाला लावा.

हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह घासून घ्या. पेस्टने घासल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून दहा मिनिटं ठेवा. सीटपाशी ओल दिसली की पुन्हा घासा. स्टेम सील दोन्ही नवीच.

एक चूक वारंवार होते. या इंजिनाला थंड ठेवतो तो फ्लायव्हीलवरचा पंखा आणि ब्लॉकभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण. आवरणाचा एखादा स्क्रू उरला, तडा तसाच राहिला, तर हवा बाहेरच्या बाहेर जाते आणि नवा पिस्टन घाटात पकडतो, म्हणजे बोअरमध्ये जाम होतो.

किटऐवजी जुनाच ब्लॉक बोअर करून घेता येतो, आणि ब्लॉकला खोल चरे नसतील तर आमची पसंती त्यालाच. मूळ ओतीव चांगली असते, वर्षानुवर्षं तापून-निवून ती जागेवर बसलेली असते. मात्र ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन आधी विकत घ्या आणि तो हातात देऊनच बोअर काढून घ्या. ‘०.२५ चा बोअर काढा’ एवढंच सांगून ब्लॉक टाकून येऊ नका. पिस्टन स्कर्टला (खालच्या भागाला) मोजून ०.०२ ते ०.०४ मिमी मोकळीक ठेवायला सांगा. एमआयडीसीत एकेकाळी प्रिया स्कूटर बनवणाऱ्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या या साताऱ्यात बोअरिंगचं काम जाणणारे हात मिळायला अडचण नाही. मायक्रोमीटर न काढता काम घेणाऱ्याकडे ब्लॉक देऊ नका, एवढं पाळा.

‘अपग्रेड’ म्हणून ५२ मिमीचा किट गळ्यात मारला जातो. त्याने क्षमता होते ११८ सीसी, म्हणजे जेमतेम ९ सीसीची वाढ. त्याबदल्यात लायनर पातळ होतो, मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) वाढवावा लागतो, तो नाही वाढवला तर प्लग पांढरा पडून इंजिन तापतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा मूलभूत बदल चालत नाही. तेच पैसे व्हेरिएटरमध्ये (इंजिनाची ताकद बेल्टला देणाऱ्या पुढच्या पुलीत) घाला. चपटे झालेले सहाही रोलर, स्लायडर आणि बेल्ट बदलला की घाटातला फरक पहिल्याच दिवशी कळतो. रोलर प्रत्येकी एक ग्रॅम हलके टाकले तर चढाला पिकअप सुधारतो, पण सपाट हायवेला इंजिन जास्त ओरडतं. सातारा-कास जाणाऱ्याने टाकावेत, रोज सातारा-कऱ्हाड करणाऱ्याने मूळ वजनाचेच ठेवावेत.

इंजिन पूर्ण उघडल्यावर ८०० मिली ऑइल लागतं, नेहमीच्या बदलाला ७००. ग्रेड १०डब्ल्यू-३०, एमबी (स्कूटरसाठीचा ऑइलचा दर्जा). स्टार्ट करण्याआधी कॅमवर ऑइल ओता आणि प्लग काढून स्टार्टर दहा सेकंद फिरवा. स्टँडवर लावून अर्धा-अर्धा तास आयडलिंगला सोडू नका, त्याने रिंगा बसत नाहीत, भिंत गुळगुळीत होते. पहिले ५०० किलोमीटर ४०-४५ च्या आत, वेग कमी-जास्त करत, एकट्यानेच. पहिलं ऑइल १०० किलोमीटरला पांढऱ्या ताटलीत काढा. उन्हात धरल्यावर बारीक करडी चमक दिसली तर ती रिंगा बसल्याची. बोटाला टोचणारे कण आले तर गाडी तिथेच थांबवा आणि हेड पुन्हा खोला.